धुराचं पाप कुणाच्या खाती?

कर्माच्या हिशेबात करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असं चालत नाही. हिंदू, जैन, बौद्ध परंपरांचे बाकी कितीही वाद असोत, ढोबळमानाने एवढ्यावर त्यांचं जमतं: ज्याचं कर्म, त्याला फळ. या जन्मी नाही तर पुढच्या. हिशेब लांबेल, पण खातं बदलणार नाही. माझा पोटापाण्याचा विषय मात्र असा आहे की त्यात खातं क्षणाक्षणाला बदलतं. मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून हवेच्या सिम्युलेशनचे प्रोजेक्ट करून घेते. संगणकात रस्ता उभा करायचा, दोन्ही बाजूंना इमारती मांडायच्या, वरून वारा सोडायचा, खालून धूर सोडायचा, आणि तो कुणाच्या नाकापर्यंत पोचतो ते बघायचं. धूर सोडणारा तोवर मोटरसायकलवरून निघून गेलेला असतो. भोगणारी बाई तिथेच फुलांची टोपली घेऊन दिवसभर बसलेली असते.

आमच्या घरात हा प्रश्न वादातूनच आला. वडील, म्हणजे अण्णा, याज्ञिकी करणारे. होमाच्या धुरानं हवा शुद्ध होते, ही त्यांची श्रद्धा. मी ज्या समीकरणांवर पगार घेते त्यांना ही श्रद्धा कळत नाही. त्या समीकरणांना चारच गोष्टी सांगाव्या लागतात: दर सेकंदाला किती ग्रॅम धूर सुटतो, वारा किती आहे, हवा किती ढवळली जाते आणि श्वास घेणारा किती लांब बसलाय. समिधा जळल्या की होळीच्या शेणी, शेतातलं पाचट जळलं की रिक्षातलं डिझेल, हा प्रश्न ग्रॅम मोजण्यापुरता. कशासाठी जाळलं, याला तिथे रकानाच नाही. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, हेतूला रकाना नसेल तर मग पाप तरी कशाचं मोजतेस तू?"

प्रश्न बिनतोड होता. पाप म्हणायचं तर हेतू लागतो, निदान कर्त्याचं भान लागतं, आणि कुणाचं तरी नुकसान लागतं. धुरात या तिन्हींची गाठच पडत नाही. हेतू नाही, भान नाही, आणि नुकसान झालेला माणूस कोण ते कुणालाच ठाऊक नाही. मग आपण सगळे निष्पाप ठरतो काय?

निष्पापपणाची पहिली आशा असते विरळ होण्यावर. धूर वर गेला, वाऱ्यावर गेला, संपला. हवेच्या गणितात जुनं आणि आजही वापरात असलेलं एक मॉडेल आहे, गॉसचं. चिमणीतून निघालेला लोट वाऱ्याबरोबर पुढे सरकतो आणि सरकताना आडवा-उभा पसरतो. मधोमध दाट, कडेला विरळ, घंटेच्या आकाराचा आलेख. त्या आलेखाची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकायला येतो, पण टेकत नाही. कितीही लांब गेलं तरी आकडा शून्य होत नाही. शून्याच्या जवळ जातो, एवढंच. आणि सगळ्या चिमण्यांचे, सगळ्या सायलेन्सरचे असे न संपलेले उरलेसुरले आकडे एकमेकांत मिळवायचे असतात. विरळ होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. ते फक्त वाटलं जाणं आहे.

थंडीत तर वाटलंही जात नाही. सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. उभं ढवळणं जवळजवळ थांबतं. गुऱ्हाळं आणि साखर कारखान्यांचा हंगाम, पाचट पेटवण्याचे दिवस आणि हे झाकण, तिन्ही आपल्याकडे एकाच मोसमात येतात. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानकं न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर कोल्हापूरचंही नाव होतं. आपलं गाव तसं मोकळ्या हवेचं, रंकाळ्याचं, पंचगंगेचं, म्हणून बऱ्याच जणांना त्याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण गावाची सरासरी हवा कुणीच श्वासात घेत नाही. श्वास घेतला जातो तो एका गल्लीत, एका फुटपाथवर.

महाद्वार रोडचं उदाहरण घ्या. अंबाबाईच्या देवळाच्या पश्चिमेकडून तो साधारण दक्षिणोत्तर जातो, बिनखांबी गणपतीपासून पापाच्या तिकटीकडे. ताराबाई रोड महाद्वारापासून पश्चिमेला, रंकाळ्याच्या बाजूला निघतो. पश्चिमेचा वारा आला तर ताराबाई रोडवर तो लांबीतून धावतो आणि रस्ता झाडून काढतो. महाद्वार रोडवर मात्र तो आडवा येतो. दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण पाऊण पटीला पोचली की आडवा वारा खाली उतरण्याऐवजी छपरांवरूनच घसरत पुढे जातो. टिम ओक या कॅनडात काम केलेल्या हवामानशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये रस्त्यांचे हे प्रकार व्यवस्थित मांडले. रस्त्याच्या आत उरते ती ताकात रवी फिरावी तशी गरगर. वरच्या वाऱ्याचा थोडा भाग समोरच्या भिंतीला थडकून खाली येतो, रस्त्यावरून उलटा मागे फिरतो, गाड्यांचा धूर गोळा करतो आणि वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या भिंतीवरून वर चढतो. म्हणजे पश्चिमेचा वारा असेल तर धूर साठतो पश्चिमेच्याच फुटपाथवर, देवळाच्या समोरच्या अंगाला. वारा पूर्वेकडून आला की पाळी देवळाकडच्या बाजूची.

हे पहिल्यांदा पडद्यावर बघताना मुलं चक्रावतात. वारा ज्या दिशेला वाहतोय त्या बाजूला धूर जाईल, अशी आपली अटकळ. प्रत्यक्षात जिथून वारा आला त्याच बाजूला तो चिकटून राहतो. एका रस्त्याच्या दोन फुटपाथांवर दोन वेगळ्या हवा असतात, आणि कोण कुठे बसणार हे वाऱ्यानं ठरवलेलं नसतं. दुकानदार काचेच्या आत, गिऱ्हाईक दहा मिनिटांचं पाहुणं, आणि फुलवाली, बांगड्यावाला, वाहतूक हवालदार, पहाटे झाडणाऱ्या बायका दिवसभर तिथेच. मोठा माणूस दिवसाकाठी दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. भाकरी नको म्हणता येते, पाणी दुसरीकडचं पिता येतं. हवा निवडता येत नाही.

या विषयाचा जन्मही सोवळ्यात झालेला नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्यानं क्लोरीनची नळकांडी उघडली. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पोर्टन डाऊनचं केंद्र उभं राहिलं. विषारी वायू वाऱ्यावर कुठवर जातो, किती पसरतो, हे तिथे मोजलं जाऊ लागलं. ऑलिव्हर सटन तिथेच काम करत होता. हवेतल्या भोवऱ्यांनी पदार्थ कसा पसरतो याचा त्याचा सिद्धान्त १९३२ चा. पुढे पॅस्क्विलनं १९६१ मध्ये हवेच्या स्थिरतेचे जे वर्ग दिले, ते आजही चिमणीची उंची ठरवताना जगभर वापरले जातात; तोही पोर्टनमध्ये काम केलेला. म्हणजे धूर कुठे जातो हा प्रश्न इतक्या नेटानं आधी विचारला तो मारू पाहणाऱ्यांनी. आज तेच गणित वाचवू पाहणारे वापरतात. समीकरणात हेतूला रकाना नाही, हे इथे पुन्हा दिसतं.

याच काळातला एक माणूस मला अण्णांच्या जवळचा वाटतो. लुईस फ्राय रिचर्डसन, क्वेकर पंथाचा. युद्ध हे पाप मानणारा तो ख्रिस्ती पंथ. पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक धरली नाही, फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवली. हवामानाचा अंदाज आकडेमोडीनं बांधता येईल ही कल्पना त्यानं १९२२ च्या पुस्तकात मांडली. २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांचा अंदाज त्यानं हातानं गणित करून काढला होता. तो साफ चुकला, पण आजचं सगळं सिम्युलेशन त्याच वाटेनं चालतं. ब्रिटिश हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं तेव्हा, १९२० मध्ये, त्यानं नोकरी सोडली. हवेतल्या विसरणावरचं आपलं काम विषारी वायूवाल्यांना उपयोगी पडतंय असं दिसल्यावर ते त्यानं थांबवलं. अप्रकाशित टिपणंही नष्ट केली, असं सांगतात. त्याचा हेतू शुद्ध होता. तरीही आपल्या कामाचा धूर कुठे जाईल, हे कळल्यावर तो गप्प बसू शकला नाही. पाप हेतूत असतं हे मान्य केलं, तरी कळल्यानंतरचा हेतू कळण्याआधीच्या हेतूसारखा राहत नाही.

हीच गोष्ट आपल्या मातीतल्या एका परंपरेनं फार बारकाईनं विचारलेली आहे. कोल्हापूर ही जैनांची मोठी वस्ती, लक्ष्मीसेन मठाचं गाव. जैन विचारात हवा ही केवळ जीवांची वाट नाही; वायुकाय जीव म्हणून ती स्वतःच जिवंत आहे. हवेमुळे आपल्याला काय होतं, एवढंच आपण विचारतो. आपल्यामुळे हवेला काय होतं, हेही ते विचारतात. त्याहून मोलाची आहे त्यांची हिंसेची व्याख्या. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली किडा सापडला तर त्याला ते हिंसेचं बंधन लावत नाहीत. बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही तरी तो हिंसकच. हिंसेचं मूळ प्रमादात, निष्काळजीपणात. या कसोटीवर माझ्या संगणकाचं काम काय आहे? तो कुणाला पापी ठरवत नाही. पण तो अज्ञान संपवतो. धूर कुठल्या फुटपाथवर साठतो हे एकदा दिसलं की तिथे गाडी चालू ठेवून उभं राहणं नुसतं नकळत घडलेलं उरत नाही. त्याचा प्रमाद होतो.

मात्र मॉडेलला मी चित्रगुप्त म्हणणार नाही. चित्रगुप्ताच्या वहीत नावं असतात. आमच्या वहीत सरासऱ्या असतात. वाऱ्याची मूळ समीकरणं, नॅव्हिए आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकातली. त्यांची उत्तरं कायम गुळगुळीत राहतात का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलं, ते अजून कुणी नेलेलं नाही. प्रत्येक भोवरा मोजायला जगातला कुठलाही संगणक पुरत नाही, म्हणून रस्त्याच्या कामात आम्ही बारीक भोवऱ्यांच्या जागी त्यांची सरासरी धरतो. तेव्हा मॉडेल सांगू शकतं की या फुटपाथवरच्या धुरातला अमुक वाटा बसचा, अमुक वाटा चुलीचा. या लेकराचा दमा त्या बसमुळे, असं ते सांगू शकत नाही. कधीच सांगू शकणार नाही. गुन्ह्याला आरोपी लागतो, पापाला कर्ता लागतो, आणि दोघांनाही बळीचं नाव लागतं. धुरात नाव नाही, वाटा आहे.

कायद्याची मर्यादाही इथे उपयोगाची नाही. भारतात पीएम २.५ या बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ५ सांगितली. चाळीसाला पुण्य आणि एकेचाळीसाला पाप, असं फुप्फुस मानत नाही. मर्यादा ही राज्य चालवण्याची सोय आहे, निर्दोषपणाचा दाखला नव्हे.

मग नाव नसलेल्या नुकसानाचं करायचं काय? याचं उत्तर मला अण्णांनी दिलं. ते म्हणाले, "म्हणून तर गृहस्थाला पंचसूना सांगितल्यात." चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, या घरातल्या पाच जागी न दिसणारे जीव रोज मरतात. संसार करायचा तर या पाच गोष्टी टळत नाहीत, आणि कोण मेलं ते कळत नाही. म्हणून रोज पाच यज्ञ: शिकवणं, पितरांचं स्मरण, देवांना आहुती, भूतमात्रांना बळी, अतिथीला अन्न. हे वचन मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे.

शाहू महाराजांच्या गावात, वेदोक्ताचा वाद जिथे पेटला त्या गावात, मनुस्मृतीचा आधार घेणं सोपं नाही, आणि ते सोपं नसावंच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हे पुस्तक का जाळलं गेलं ते मी विसरत नाही. खुद्द या वचनातही तीच खोट आहे: यज्ञ करायचे गृहस्थानं, आणि चुलीपुढे धूर खायचा त्याच्या बायकोनं. अण्णांना मी तेही ऐकवलं. त्यावर आई आतून म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी बोललं."

पण खोट बाजूला काढली तरी त्या विचाराचा गाभा मला टाकवत नाही. त्यात तीन गोष्टी मान्य केल्या आहेत. हेतू नसला तरी नुकसान होतं. नुकसान झालेल्याचं नाव कळलं नाही तरी देणं लागतं. आणि ते देणं एकदा प्रायश्चित्त घेऊन फिटत नाही, चूल रोज पेटते म्हणून तेही रोजचं असतं. पापाऐवजी मी त्याला ऋण म्हणेन. पाप म्हटलं की माणूस एक तर छाती बडवतो नाही तर वकील शोधतो. ऋणाला दोन्ही लागत नाही. किती आणि कुठे फेडायचं, एवढंच कळायला लागतं. जुन्या गृहस्थाला ते कळायची सोय नव्हती, म्हणून त्यानं चारी दिशांना घास टाकले. आपल्याला सोय आहे. कुठल्या गल्लीत, कुठल्या ऋतूत, कुणाचा किती वाटा, हे मॉडेल सांगतं.

आणि असं फेडणं कोल्हापूरला नवीन नाही. आपल्या महापालिकेच्या स्मशानात अंत्यसंस्कार मोफत होतात, आणि होळी लहान करून शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला देण्याची चाल इथल्या तालमी-मंडळांनी, शाळांनी रुजवली आहे. ज्याची चिता पेटणार आहे त्याचं नाव देणाऱ्याला माहीत नसतं. एक जाळ कमी करून दुसरा टळत नसलेला जाळ भागवायचा, हे निनावी ऋण फेडण्याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. कणेरी मठावर फेब्रुवारी २०२३ मध्ये पंचमहाभूतांचा लोकोत्सव भरला, तिथे वायूचाही महिमा लोकांनी गर्दी करून पाहिला. महिमा पाहून झाला की फेड सुरू व्हायला हवी.

अंबाबाईच्या किरणोत्सवात ती सुरू करता येईल. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. किरण पोचले नाहीत की गाव हळहळतं. अभ्यासक मोजणी करतात, वाटेतल्या इमारतींच्या अडथळ्यांची यादी होते, आर्द्रता आणि धुलिकणांचा उल्लेख होतो. एका किरणासाठी आपण गच्चीवरच्या टाकीचीसुद्धा उंची मोजतो. किरण सरळ रेषेत चालतो, म्हणून त्याचा अडथळा दुर्बिणीतून दिसतो. वारा वळून जातो, म्हणून त्याचा अडथळा दिसत नाही. पण जी वाढीव मजल्याची भिंत किरण अडवते ती वाराही अडवते, आणि जो धुलिकण मूर्तीवरचा प्रकाश मंद करतो तोच फुलवालीच्या छातीत जातो. देवीपुढच्या प्रकाशाचं आपण देणं लागतो असं आपल्याला वाटतं. देवीच्या दारातल्या श्वासाचं का वाटू नये?

त्यासाठी लागणारं ओपनफोमसारखं सॉफ्टवेअर २००४ पासून फुकट आहे. शिवाजी विद्यापीठ आणि गावातली इंजिनिअरिंग कॉलेजं ते चालवू शकतात. म्हणून महापालिकेला आणि देवस्थान समितीला माझी विनंती आहे: किरणोत्सवाच्या अडथळ्यांची जी यादी होते, तिच्यात वाऱ्याचा एक रकाना घाला. महाद्वार परिसरात नवा मजला मंजूर करण्यापूर्वी त्यानं खालची हवा किती कोंडेल हे मोजून घ्या, आणि तो आकडा परवानगीच्या कागदावर लिहा. वाचकांना इतकंच सांगेन की देवळापुढे कुणाला उतरवायला थांबाल तेव्हा इंजिन बंद करा. कुणाचं ऋण फिटलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, तरीही करा.